नळामागचं जंगल

पोरांनो, मुंबईला पाणी पाजणारे तलाव सात. त्यांतले पाच दूर, ठाणे-पालघर-नाशिककडच्या डोंगरांत. पण विहार आणि तुळशी हे दोघे खुद्द मुंबईतच, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. त्यांतला विहार जुना, 1860 साली बांधून झालेला. हेन्री कोनीबेअर या इंजिनिअरने त्याचा आराखडा केला. त्याआधी लोक विहिरी-तळ्यांचं पाणी भरायचे आणि उन्हाळ्यात ती आटली की हाल व्हायचे.

बांध माणसांनी घातला, पण तलाव भरतं जंगल. ते कसं, ऐका. इथे पावसाळ्यात दोन मीटरहून जास्त पाऊस कोसळतो. डोंगर उघडा असता तर तो सगळा पाऊस माती ओरबाडत काही तासांत खाडीला मिळाला असता. इथे थेंब आधी साग-ऐनाच्या पानावर आपटतो, त्याचा जोर मोडतो. मग तो पाचोळ्यात उतरतो. पाचोळ्याखाली गांडुळांनी आणि वाळवीने माती पोखरून ठेवलेली असते. त्या भोकांतून पाणी जिरतं आणि हळूहळू ओढ्यांना येत राहतं. पाऊस उघडला तरी ओढे वाहतात ते त्यामुळे.

आणि उतारावर उभी असते कारवी. माणसापेक्षा उंच, दाट झुडूप. तिच्या मुळ्या माती धरून ठेवतात, म्हणून गाळ तलावात कमी येतो. सात वर्षं ती नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा करते आणि फुलून झालं की सगळी मिळून मरते. बोंडं वाळतात, तडतडून फुटतात, बिया उडतात आणि पावसात नवी पिढी रुजते. आठ वर्षं मोजायला तिला कॅलेंडर लागत नाही. मला तर याहून मोठं नवल माहीत नाही!

तलावात मगरीही आहेत बरं का. मादी काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उबेवर ठरतं: साधारण साडेबत्तीस अंशांना नर, त्याहून गार मातीत माद्या. अंड्यातून आवाज आला की आई खड्डा उकरते आणि पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. हे काम मगरींतले बापही करताना पाहिले गेले आहेत.

तुळशी भरला की त्याचं पाणी विहारमध्ये येतं. विहार भरून वाहिला की मिठी नदी सुरू होते. पवई तलावाचं पाणी घेऊन ती कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीला जाते. पुढे तिच्यात काय काय सोडलं जातं ते तुम्ही पुलावरून पाहिलंच आहे. पण ती जंगलातून निघालेली नदी आहे. तिला नाला म्हणू नका, आणि तिच्यात काही टाकू नका.