मिठाच्या पुडीवर तारीख लिहा

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर मी एक प्रश्न विचारला. तुमच्या घरी मिठाची एक किलोची पुडी किती दिवस पुरते? तेलाचा, साखरेचा हिशोब सगळ्यांना तोंडपाठ. मिठाचा कुणालाच सांगता येईना. बरोबरच आहे, एवढ्या स्वस्त वस्तूचा हिशोब कोण ठेवणार? शेवटी एक ताई म्हणाल्या, "आम्ही पाच माणसं, वीस दिवसांत संपते."

आता गणित करू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही सगळ्या दिवसाचा मिळून. पाच माणसांचे २५ ग्रॅम झाले. या हिशोबानं किलोची पुडी निदान ४० दिवस पुरायला हवी. आणि यात पापड, लोणचं, फरसाण, खारी मासळी यांतलं मीठ धरलेलंच नाही. मासे चोळून धुवायला लागणारं मीठ मात्र वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर हिशोब चुकेल.

हे सगळं कशासाठी, तर बीपीसाठी. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. त्यामुळे नसांमधून वाहणारं रक्त वाढतं आणि नसांवर दाब पडतो. वाडीत पंप जोरात चालवला की जुना पाईप फुगतो ना, तसंच. हा ताण वर्षानुवर्षं राहिला की मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांना इजा होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या साधारण दर पाच बायकांमागे एकीचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यासाठी औषध चालू होतं. बैठकीला वीसजणी बसल्या असतील तर विचार करा.

बहुतेकींना काही जाणवत नाही, हीच खरी अडचण. आमच्या ओळखीच्या एका काकींना गोळी चालू होती. बरं वाटायला लागलं, डोकं दुखेना, म्हणून त्यांनी ती स्वतःच बंद केली. काही महिन्यांनी एका सकाळी तोंड वाकडं झालं, उजवा हात गेला. पूर्वी गटाच्या वहीत त्या ठसठशीत सही करायच्या. आता डाव्या हाताचा अंगठा लावतात. म्हणून आधीच सांगते, मी जे सांगतेय ते गोळीच्या सोबतीनं करायचं, गोळीऐवजी नाही. बीपी नॉर्मल आलं तर ते गोळीमुळेही आलेलं असतं. ती कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

आपल्या वसईकडच्या जेवणात मीठ कुठून येतं? पावसाळ्यात ताजी मासळी नसते, तेव्हा सुक्यावरच भागतं. पण सगळं सुकं सारखं नसतं. अर्नाळा, पाचूबंदरला बांबूवर वाळत घातलेले बोंबील आणि जवळा साधारण मीठ न लावता उन्हात वाळवतात. खारवलेला बांगडा मात्र मिठातच मुरलेला असतो. तो खायचाच तर आधी भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि कालवणात वरून मीठ घालू नका. भातात आणि भाकरीच्या पिठातही मिठाची गरज नाही. चव कोकम, चिंच, लिंबू, आलं-लसूण यांनी आणा. सुरुवातीला जेवण अळणी लागेल, घरातली माणसं कुरकुरतील. हळूहळू कमी केलंत तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते. एकट्या आजारी माणसाचं ताट वेगळं काढू नका, अख्ख्या टोपातलंच मीठ कमी करा. सैंधव चालेल का, असं हमखास विचारतात. सैंधवही मीठच आहे. कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

दुसरी गोष्ट भाजी-फळांची. अमेरिकेत १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना आठ आठवडे भरपूर भाज्या, फळं, कमी चरबीचं दूध-दही असं जेवण दिलं. मीठ होतं तेवढंच ठेवलं. तरी ज्यांचं बीपी जास्त होतं, त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला. आपल्या वाडीतली केळी आणि पालेभाजी मुंबईच्या बाजारात जाते आणि घरात उरतं ते आपण खातो. त्यातही बाईचं ताट शेवटचं, तोवर भाजी संपलेली, मग भात आणि लोणचं! विकायला काढण्याआधी घरची जुडी बाजूला ठेवा.

"दिवसभर राबतोच की, आणखी चालायचं कशाला?" असंही म्हणतात. शेतात ओझी वाहणाऱ्या बाईला मी वेगळं चाला म्हणणार नाही. पण शिलाई मशीनवर बसणाऱ्या, पापड लाटणाऱ्या आपण तासन् तास एकाच जागी असतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. आणि मिश्री सोडा. तंबाखू भाजली तरी तंबाखूच राहते.

तिशीनंतर बीपी मोजून घ्या. आशाताईंना सांगा किंवा उपकेंद्रात जा. मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि मिश्री नको, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर डॉक्टरांकडे जायचंच.

तर आज नवी पुडी फोडाल तेव्हा तिच्यावर पेनानं तारीख लिहा. संपेल त्या दिवशी दुसरी तारीख लिहा आणि रिकामी पुडी बैठकीला घेऊन या. हप्त्यांच्या वहीतच मागच्या पानावर आपण हा हिशोब मांडू.