पहिल्यांदाच शिट्टी हाती घेणाऱ्या तरुणांसाठी

माजिवड्यात टॉवर उभे राहत गेले तशा वस्तीतल्या मोकळ्या जागा आकसल्या. क्रिकेटला जागा पुरत नाही. व्हॉलीबॉलचे मैदान मात्र अवघे १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. म्हणून एखादा नोकरदार तरुण संध्याकाळी मुलांना हा खेळ शिकवू लागला, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

१८९५ साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन यांनी शोधलेल्या या खेळाचा आजचा एक नियम फार मोलाचा आहे. समोरच्या संघाकडून सर्व्हिस परत मिळाली की सहाही खेळाडू एकेक जागा पुढे सरकतात. कुणाचीच जागा कायमची नाही.

पण नवशिक्यांच्या खेळात हे चाक अडते. एखादा दणकट मुलगा सर्व्हिसवर सर्व्हिस मारत राहतो. कोपऱ्यातल्या मुलीच्या हाताला तासभर चेंडू लागत नाही. हळूहळू ती येईनाशी होते. घरचे म्हणतात, "बरे झाले, कामाला हात लावेल."

म्हणून नव्या प्रशिक्षकाने स्मॅशची घाई करू नये. मैदानाच्या लांबीने कमी उंचीवर दोरी बांधावी, तीन-तीन मुलांचे छोटे डाव लावावेत. आधी जोडीने पास शिकवावा. हात लाल होत असतील तर हलका चेंडू घ्यावा. सरावात तीन गुणांनंतर सर्व्हिस बदलावी.

संघ जिंकला का, हे नंतर पाहू. आधी हजेरीची वही उघडावी : पहिल्या दिवशी आलेल्या मुलींपैकी आज किती टिकल्या?