हातपाय हलतात, म्हणजे मान शाबूत?

विहिरीत सूर मारताना तळाला डोकं आपटलेला किंवा दुचाकीवरून उडालेला माणूस कधी कधी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येतो. एका हातानं हनुवटी धरलेली असते, तरी केसपेपरच्या रांगेत उभाही राहतो. त्याच्या मानेतला मणका निखळलाय असं सांगितलं, की नातेवाइकांना पटत नाही. "अहो, हातपाय तर हलताहेत की!"

सगळ्यात घातक गैरसमज तो हाच. हातपाय हलतात ते मज्जारज्जू वाचला म्हणून. त्याच्याभोवतीचं हाड आणि ते बांधून ठेवणारे बंध धड आहेत, असं त्यावरून ठरत नाही. मानेत 7 मणके असतात आणि त्यांचे मागचे सांधे कौलांसारखे एकमेकांवर रचलेले असतात. जबर झटक्यानं वरचं कौल खालच्यावरून उडी मारून पुढे अडकतं. एका बाजूचा सांधा निखळला तर मणका साधारण पाव भाग पुढे सरकतो, दोन्ही बाजूंचे निखळले तर निम्मा किंवा त्याहून जास्त.

मग रज्जू वाचतो कसा? मानेतल्या खालच्या भागात कण्याची नळी समोरून मागे सुमारे 17 मिलिमीटर रुंद असते आणि रज्जू तिच्या साधारण निम्म्या जाडीचा. काहींची नळी मुळातच ऐसपैस असते. काहींच्या बाबतीत मणक्याची मागची कमान मोडून जागेवरच राहते, पुढचा भाग तेवढा सरकतो आणि नळी उलट रुंदावते. म्हणजे हाड मोडलं, म्हणून माणूस वाचला! पण ही सवलत त्या क्षणापुरती असते. सैल झालेला मणका पुढच्या हालचालीत कुठे जाईल, ते सांगता येत नाही.

"एक्स-रे तर नॉर्मल आलाय" हेही नेहमीचं. बाजूनं काढलेल्या एक्स-रेत खांद्यांच्या सावलीमुळे सातवा मणका पुष्कळदा दिसतच नाही, आणि दुखापत नेमकी तिथे असू शकते. म्हणून सीटी स्कॅन.

मानेच्या पट्ट्याचं म्हणाल, तर पट्टा हालचाल कमी करतो, निखळलेला सांधा जागेवर बसवत नाही. शिवाय हाड जुळून येतं तसे फाटलेले बंध आणि मणक्यांमधली गादी पूर्वीच्या ताकदीनं जुळून येत नाहीत, त्यामुळे नुसत्या पट्ट्यावर ठेवलेली मान पुन्हा घसरू शकते. "लचकलीय" म्हणून काही आठवडे मालिश करून आलेल्या रुग्णाचं ऑपरेशन जास्त अवघड होतं. तोवर सांधा वेड्यावाकड्या जागी घट्ट धरलेला असतो.

खांदा बसवतात तसा हिसका देऊन मणका बसवता येईल, असंही काहींना वाटतं. तसलं धाडस कुणी करू नये. कवटीला चिमटा लावून वजनांनी मान ओढण्याची पद्धत क्रचफील्ड या अमेरिकन शल्यविशारदानं 1933 मध्ये मांडली आणि तिची सुधारित रूपं आजही वापरात आहेत. पण त्यात रुग्ण जागा ठेवतात, वजन थोडंथोडं वाढवतात आणि दर वेळी हातपाय तपासून एक्स-रे घेतात. धोका असतो फाटलेल्या गादीचा. मणक्यामागे निसटलेला तिचा तुकडा मणका मागे ओढताना रज्जूवर दाबला जाऊ शकतो. नसा शाबूत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत म्हणूनच अनेक सर्जन आधी एमआरआय करून घेतात. हातपायांतली ताकद जात असलेल्या शेजारच्या रुग्णाला मात्र तेवढा वेळ नसतो. "त्यांना लगेच घेतलं, आम्हाला थांबवलं" या तक्रारीचं उत्तर बहुधा इथे असतं.

आता ऑपरेशन. गादी निसटली असेल तर सहसा गळ्याच्या पुढून जातात. एका बाजूला श्वासनलिका-अन्ननलिका, दुसऱ्या बाजूला मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी, यांच्या मधून वाट काढतात. फाटलेली गादी काढून मणका जागेवर आणतात, मध्ये कमरेच्या हाडाचा तुकडा किंवा पिंजरा बसवतात आणि टायटॅनियमची प्लेट स्क्रूंनी घट्ट करतात. पुढून बसला नाही तर मागून, कधी दोन्हीकडून. भूल देताना मान वाकू नये म्हणून कॅमेऱ्याच्या मदतीनं श्वासनळीत नळी घालतात.

"मणक्याचं ऑपरेशन म्हणजे लकवा" ही भीती निराधार म्हणणार नाही. रज्जूला इजा होण्याचा धोका असतो, पण थोडा. सैल मणका घेऊन घरी जाण्यातला धोका त्याहून मोठा, हे मात्र घरच्यांना कुणी नीट समजावून सांगत नाही. काही दिवस गिळताना त्रास आणि आवाज बसणं हे जास्त नेहमीचं. क्वचित आवाजाचा त्रास राहूनही जातो.

ऑपरेशनमध्ये दोन मणके एकमेकांना जोडले जातात, मग मान कायमची ताठ होते का? मान वळवण्याची जवळजवळ निम्मी हालचाल पहिल्या दोन मणक्यांमध्ये होते. खालचे दोन मणके जोडल्यानं गाडी मागे घेताना वळून पाहणं बंद होत नाही. शेजारच्या गादीवर वर्षानुवर्षं थोडा जादा ताण येतो, एवढं खरं. प्लेट त्रास देत नसेल तर काढावी लागत नाही.

अपघाताच्या जागी डोकं आणि धड एका रेषेत धरा, 108 ला फोन करा, उचलायचंच झालं तर तीन-चार जणांनी मिळून सरळ फळीवर घ्या. आणि चहा-पाणी पाजू नका. भूलतज्ज्ञाला रिकामं पोट हवं असतं.