महाबळेश्वरचे चिनी बंदी आणि बादशाही पेला

चीनच्या बादशहाचा म्हणून एखादा पेला विक्रीस येतो, तेव्हां वस्तु काय सांगते आणि विक्रेता काय सांगतो, हे दोन पुरावे संग्राहकानें वेगळे ठेवावे. महाबळेश्वरीं असा पेला पुढें आल्यास हा विवेक विशेष अवश्य आहे; कारण चिनी माणसांचें वास्तव्य येथें खरोखरच होतें.

सर जॉन माल्कम व साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्या काळीं, १८२८ च्या सुमारास, येथें माल्कम पेठ वसली. पुढें इंग्रज सरकारनें पूर्वेकडील वसाहतींतून आणलेले चिनी व मलायी कैदी येथील तुरुंगांत ठेविले. ते बागाइत करीत व वेताच्या टोपल्या विणीत. हा तुरुंग १८६४ सालीं मोडला. ‘चायनामन’ या नांवाचा धबधबा त्यांची आठवण देतो. परंतु यावरून चिनी माणसें येथें होतीं, एवढेंच सिद्ध होतें. कैद्याजवळ बादशाही पेला आला कोठून, याचा उलगडा त्यांतून होत नाहीं.

बादशाही भांडीं चिंगडेझन येथील सरकारी भट्ट्यांत होत. मिंग काळांत दरबारच्या कसोटीस न उतरलेलीं भांडीं फोडून पुरीत. त्यांचे तुकडे उत्खननांत सांपडले आहेत. कँटनच्या व्यापारांतून मुंबईस येणारा माल याहून निराळा.

पेल्याच्या तळाशीं राजवंश व कारकीर्द सांगणारी सहा अक्षरांची मुद्रा असली, तरी तेवढ्यानें निर्णय होत नाहीं. चेंगह्वा बादशहाच्या (१४६५–१४८७) कारकीर्दींतील ‘कोंबड्यांचा पेला’ प्रसिद्ध आहे. त्याचा व्यास सुमारें ८ सेंटिमीटर. निळ्या रेघा झिलईखालीं काढून तो भाजीत आणि मग झिलईवर रंग भरून मंद आंचेवर पुन्हां भाजीत. असा एक पेला ८ एप्रिल २०१४ रोजीं हाँगकाँग येथें २८ कोटि हाँगकाँग डॉलरांहून अधिक किंमतीस गेला. मात्र या पेल्याच्या नकला चिंग बादशहांच्या अमदानींतही झाल्या आहेत, आणि चेंगह्वाची मुद्रा पुढच्या काळांतील भांड्यांवरही आढळते.

पोथीचा नकलकार मूळ प्रतीचा शक जसाच्या तसा उतरतो, म्हणून आपण कागद, शाई व अक्षराचें वळण पाहतों. तोच न्याय येथें लावावा : माती, तळाची कड, झिलई व रेघेचा हात तपासावा. तुलनेसाठीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत टाटा बंधूंच्या संग्रहांतील चिनी भांडीं आहेत. मालकीची खूण तर याहून मोलाची. शहाजहानाचें नांव कोरलेलीं चिनी भांडीं आज उपलब्ध आहेत.

कायद्याचेंही भान असावें. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांची वस्तु, आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाचें पंचाहत्तर वर्षांचें हस्तलिखित, पुराणवस्तु ठरतें. तिच्या व्यापारास परवाना लागतो, व खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठवितां येत नाहीं.

शेवटीं एक विनंती. जुन्या घरांतील वस्तु विकतांना पेला उचलला जातो आणि त्यासोबतची यादी, पावती किंवा वहीचें पान रद्दींत जातें. पेला नकली ठरला, तरी तें पान अस्सल असूं शकतें. आणि पेला अस्सल असला, तर तो कोणत्या वाटेनें या डोंगरावर आला, हें सांगणारा साक्षीदार बहुधा तेंच असतें. सबब पेल्याचा भाव ठरण्यापूर्वीं त्या पानाची नक्कल करून ठेवावी.