भुताचे सोंग आणि आजोबांची मेणबत्ती

ऑक्टोबर सरत आला, की अलीकडे आमच्या छत्रपती संभाजीनगरातही दुकानांतून भुताखेतांचे मुखवटे लटकू लागतात. ३१ तारखेचे ‘हॅलोवीन’! आमच्या कॅथॉलिक घरात त्यावरून दोन तट पडतात. सासूबाई म्हणतात, “सैतानाचे सोंग घरात नको!” मुले म्हणतात, “सगळेच जातात!”

मग मी मुलांना त्या नावाचा अर्थ सांगते. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण. हॅलोवीन ही त्याची पूर्वसंध्या. २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण. फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी हजारेक वर्षांपूर्वी हा दिवस रूढ केला. त्या दिवशी आम्ही कबरस्तानात जातो. मामंजींच्या कबरीवरचे गवत काढतो, झेंडू वाहतो, मेणबत्ती लावून प्रार्थना करतो. धाकटा पूर्वी तिथे माझा पदर सोडत नसे. आता आजोबांची मेणबत्ती तोच लावतो.

आमच्या शेजारीणबाई धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमदीप लावतात. मृत्यूपुढे त्याही दिवाच ठेवतात, नाही का?

म्हणून मी मुखवट्याला बंदी केली नाही. अट एकच: ३१ला जो भूत होईल, त्याने २ तारखेला आजोबांकडे यायचे. ही अट ऐकल्यावर सासूबाईंनीच जुन्या चादरीला डोळ्यांची भोके पाडून दिली!