कोजागरीच्या टेबलावर भाताच्या लोंब्या

शरद ऋतू पनवेलच्या बाजारात आधी उतरतो, आकाशात मागाहून. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. त्यात ओवलेली भाताची लोंबी मात्र इथल्या खाचरातली. कोजागरीला पाहुणे आले की तीच टेबलावर मांडावी. पितळी तांब्यात लोंब्या कोरड्याच ठेवाव्यात. शेजारी तवसे, लाल भोपळा, सीताफळे. निशिगंध मात्र नको, मसाला दुधातल्या वेलचीचा वास मारला जातो!

१९७० साली सिडको आली, खाचरांवर इमारती चढल्या. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी दहा गावे हलली. ज्यांच्या अंगणात लोंब्या पडून असत, त्यांनाही आता जुडी विकत घ्यावी लागते. जरूर घ्या, पण घासाघीस नको. विकणारीला तिचे गाव तेवढे विचारा.