गोड्या पाण्यातील गळमासेमारी : खान्देशाच्या संदर्भात साधने व आमिष यांची निवड

प्रस्तावना

'गळाला लागणे', 'गळ टाकणे', 'आमिष दाखवणे' हे वाक्प्रयोग मराठीत सर्वांच्या तोंडी आहेत. ज्या कृतीवरून ते आले त्या कृतीकडे मात्र अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची आपणांस फारशी सवय नाही. तापी आणि तिला मिळणाऱ्या पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, बुराई या नद्यांच्या काठी भोई, कोळी व भिल्ल समाजांतील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आली आहेत. उपजीविकेची मासेमारी प्रामुख्याने जाळ्याने होते. गळ हे त्यामानाने लहान साधन असून एका वेळी एकच मासा देणारे आहे. परंतु याच मर्यादेत त्याचे महत्त्व सामावलेले आहे. जाळ्याच्या आसात जो अडकेल तो मासा येतो. गळाच्या बाबतीत कोणता मासा यावा हे बऱ्याच अंशी गळ टाकणाराच आधी ठरवीत असतो. म्हणून साधन व आमिष यांची निवड म्हणजे वस्तुतः माशाची निवड होय. कोणता मासा हवा याबरोबरच कोणता नको, हेही त्याच क्षणी ठरते.

प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील जलाशय आणि नद्या डोळ्यांसमोर ठेवून या निवडीमागील शास्त्रीय कारणे स्पष्ट करण्याचा आणि त्यांतून येणारी जबाबदारी दाखवून देण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्रंथपरंपरेतील उल्लेख

हा विषय ग्रंथकारांना अपरिचित नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१ (इ.स. ११२९) च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे जे वर्णन आहे, त्यात 'मत्स्यविनोद' हे स्वतंत्र प्रकरण येते. खवले असलेले व नसलेले मासे असा भेद करून त्यात गळ, दोर व काठी यांची चर्चा केली आहे. माशांना ठरावीक जागी आधी खाद्य घालून सवय लावावी आणि माशागणिक आमिष बदलावे, हा त्यातील विचार आजही ग्राह्य आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले.

स्थानिक ज्ञान शास्त्रात कसे पोहोचते याचे दुसरे उदाहरण दख्खनमधील आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक जातींना त्यांनी स्थानिक मराठी नावेच दिली. 'टॉर खुद्री', 'मिस्टस सिंगटी', 'गारा मल्या' या शास्त्रीय नामांतून ती बोलीतील नावे आजही जगभर उच्चारली जातात. मासेमाराच्या तोंडचा शब्द टिपून घेणारा कोणी भेटला, तर तो शास्त्राचा शब्द होतो, हा यातील बोध आहे.

बदललेले पाणी

आमिषाचा विचार करण्यापूर्वी पाणी कोणते, हे पाहणे आवश्यक आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत खान्देशातील पाण्याचे स्वरूप पालटले. नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात असलेले, पण लाभ मुख्यत्वे जळगावला देणारे गिरणा धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले. भुसावळजवळ तापीवर हतनूर धरण १९८२ मध्ये झाले. याशिवाय वाघूर, अनेर, बोरी, पांझरा यांवरील धरणे आणि तापीवरील सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेज यांमुळे वाहत्या नदीच्या जागी संथ जलाशयांची मालिका तयार झाली.

या बदलाचा माशांवर थेट परिणाम झाला. वाहत्या व खडकाळ पाण्यात रमणाऱ्या महाशीरसारख्या जाती मागे हटल्या. संथ पाण्यात कटला, रोहू व मृगळ हे मूळचे मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातील मासे सोडले जाऊ लागले. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात संप्रेरकाच्या साहाय्याने प्रेरित प्रजनन यशस्वी केल्यामुळे त्यांचे बीज मोठ्या प्रमाणावर मिळू लागले आणि जलाशयांत मत्स्यबोटुकली सोडणे शक्य झाले. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया मात्र साठलेल्या पाण्यातही भराभर वाढतो. परिणामी, आजोबांनी नदीसाठी शिकवलेला गळ नातवाला धरणावर निरुपयोगी वाटतो. दोष शिकवणीचा नसून पाणी आणि त्यातील मासा हे दोन्ही बदलले आहेत.

माशाचे तोंड व खाद्यसवय

साधनाच्या निवडीचा पहिला निकष म्हणजे माशाचे तोंड. कटल्याचे तोंड मोठे व वर वळलेले असते, कारण तो पृष्ठभागाजवळील सूक्ष्म प्राणिप्लवक खातो. रोहू मधल्या थरात वावरतो. त्याच्या झालरदार ओठांचा उपयोग वनस्पतिजन्य पदार्थ खुडण्यासाठी होतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस असून तो तळावरील कुजलेले सेंद्रिय द्रव्य खातो. म्हणून एकाच जागी, एकाच आमिषाने, केवळ खोली बदलल्यास भिन्न मासा लागू शकतो. या तिन्ही माशांच्या जबड्यात दात नसतात, दात घशात असतात. ते आमिष ओढून घेतात, चाचपतात व नको असल्यास थुंकतात. यांच्यासाठी गळ लहान व आमिष मऊ हवे.

शिवडा, शिंगाडा यांसारखे मिशाळ मासे याउलट आहेत. त्यांच्या मिशांवर रुचिग्राहक पेशी असतात, त्यामुळे गढूळ पाण्यात व रात्रीही त्यांना आमिष सापडते. मरळ हा दबा धरणारा मासा असून काठावरच्या पाणवनस्पतींत राहतो, हवेतून श्वास घेतो आणि हलणाऱ्या भक्ष्यावर झेपावतो. वाम तळाशी दगडांच्या फटींत राहते. तिला गांडूळ प्रिय असते.

आमिषाची निवड

संस्कृतात 'आमिष' या शब्दाचा मूळ अर्थ मांस असा आहे. 'निरामिष' हा शब्द त्यावरूनच बनला. परंतु आज खान्देशातील जलाशयांत सोडल्या जाणाऱ्या रोहू-मृगळांचे आमिष बहुतांशी निरामिषच असते आणि ते घरच्या स्वयंपाकघरात व गोठ्यात उपलब्ध असते.

गव्हाच्या पिठात ग्लुटेन असल्यामुळे मळलेल्या कणकेचा गोळा पाण्यात बराच वेळ गळावर टिकतो. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसल्याने थंड पाण्यात मळलेला गोळा लगेच विरघळतो. मात्र उकळत्या पाण्यात उकड काढल्यास स्टार्च फुगून चिकटपणा येतो आणि गोळा टिकतो. हाच गुणधर्म उलट बाजूनेही उपयोगी पडतो. मासे जमवण्यासाठी पाण्यात जे खाद्य आधी टाकायचे ते फुटून पसरले पाहिजे. तेथे थंड पाण्यातील ज्वारीचे पीठ व शेंगदाण्याची ढेप यांचे मिश्रण योग्य ठरते. ढेपेचा वास दूरवर पसरतो. परंतु हे खाद्य मूठभरच असावे. अतिरिक्त ढेप तळाशी कुजून पाण्यातील प्राणवायू खर्च करते.

गांडूळ हे जवळजवळ सर्व माशांना चालणारे आमिष आहे आणि हाच त्याचा दोष आहे. गांडूळ लावलेल्या गळावर कोणता मासा येईल हे सांगता येत नाही; बहुधा लहान तिलापियाच प्रथम येतो. शिवडा व मरळ यांच्यासाठी लहान मासा अथवा माशाचा तुकडा वापरतात. त्यासाठी त्याच पाण्यातील मासा घ्यावा. एका जलाशयातील जिवंत मासे दुसऱ्यात नेल्यास परकी जात व रोग यांचा प्रसार होतो.

साधनांची निवड

(१) गळ : गळाच्या क्रमांकाची पद्धत प्रथमदर्शनी उलटी वाटते. क्रमांक वाढत जातो तसा गळ लहान होतो. १ च्या पुढे १/०, २/० अशी मोजणी सुरू झाली की आकार वाढतो. लहान तिलापियासाठी साधारणतः ८ ते १०, एक-दोन किलोच्या रोहू-मृगळासाठी ४ ते ६, तर मरळ व शिवडा यांसाठी १/० ते ३/० हे क्रमांक योग्य ठरतात. मोठ्या गळावर लहान मासा सहसा अडकत नाही. म्हणजे पिल्लांचे रक्षण हा नियम गळाच्या मापातच बसवता येतो. गळाचे उलटे टोक पकडीने दाबून टाकल्यास नको असलेला मासा इजा न होता सुटतो. वर्तुळाकार गळ बहुधा ओठाच्या कोपऱ्यात रुततो, घशात उतरत नाही. सोडून द्यायच्या माशासाठी तो अधिक बरा.

(२) तंगूस : नायलॉनच्या तंगुसाची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. जाडी दुप्पट केल्यास ताकद सुमारे चौपट होते. परंतु जाड तंगूस स्वच्छ पाण्यात माशाला दिसते व आमिषाची हालचाल कृत्रिम करते. ०.३० मि.मी. जाडीची तंगूस साधारणतः ६ ते ८ किलो भार सोसते आणि बहुतेक कामास पुरते. गाठ हा तिचा सर्वांत दुर्बल भाग. कोरडी गाठ ओढल्यास घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते, म्हणून गाठ ओली करून आवळावी.

(३) काठी व रीळ : काठी ही वस्तुतः स्प्रिंग आहे. माशाचा झटका ती वाकून शोषून घेते व तंगुसावर एकदम ताण येऊ देत नाही. साधी बांबूची काठी काठावरील लहान माशांसाठी आजही उत्तम आहे. जलाशयात दूर गळ फेकायचा असल्यास रीळ लागते. रिळाचा ताण तंगुसाच्या ताकदीच्या सुमारे पाव ते तृतीयांश ठेवावा, म्हणजे मोठा मासा तंगूस तोडण्याऐवजी ती ओढून नेतो.

(४) तरंगक व वजन : तरंगक जेवढा लहान तेवढा माशाला त्याचा विरोध कमी जाणवतो. मोरपिसाची दांडी अथवा भेंडाचा तुकडा यासाठी पुरेसा आहे. वजनासाठी शिसे वापरण्याची रूढी सोडणे इष्ट आहे. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात मोठ्या संख्येने पाणपक्षी उतरतात. शिशाचे लहान मणी खडे समजून गिळल्यास पक्ष्यांना विषबाधा होते. लोखंडी नट तेच काम करतो. तुटलेली तंगूस काठावर सोडणेही पक्ष्यांच्या पायांना घातक ठरते.

ऋतूनुसार विचार

पावसाळ्यात काळ्या मातीमुळे पाणी गढूळ होते. तेव्हा दृष्टीपेक्षा वासाला महत्त्व येते. हिवाळ्यात पाणी निवळते. तंगूस बारीक व आमिष लहान हवे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतो, ३० अंशांना तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो. दुपारी मासा खात नाही याचे एक कारण येथे मिळते. पहाट व संध्याकाळ हीच वेळ योग्य.

उन्हाळ्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नदी आटते तेव्हा तिच्यातील मासे मोजक्या डोहांत एकवटतात आणि मासेमारी सर्वांत सोपी होते. परंतु डोहातील हेच मोठे मासे जून-जुलैच्या पहिल्या पुरात अंडी घालणार असतात. जलाशयात बोटुकली बाहेरून आणून सोडता येते. नदीतील महाशीर वा शिवड्याच्या बाबतीत अशी सोय जवळपास नाही. म्हणून आटलेल्या डोहात आणि पुराच्या पहिल्या पंधरवड्यात गळ न टाकणे, हीही साधनाची निवडच मानली पाहिजे.

कायद्याच्या बाजूचेही भान हवे. जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, त्यामुळे हौशी व्यक्तीने त्यांची परवानगी घेणे आवश्यक ठरते. शिरपूर तालुक्यातील अनेर धरण परिसर अभयारण्यात मोडतो. तेथे विनापरवाना गळही टाकता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, आमिषाची निवड माशाच्या तोंडावर व खाद्यसवयीवर, साधनांची निवड माशाच्या आकारावर व पाण्याच्या स्वरूपावर, तर वेळेची निवड ऋतूवर अवलंबून असते. या तिन्हींचा मेळ घालणारे ज्ञान खान्देशातील मासेमारांकडे आहे. परंतु सोमेश्वराच्या विनोदाला जसा ग्रंथ लाभला तसा तापीकाठच्या गळाला लाभलेला नाही. पाणी बदलले, मासे बदलले. आता जाणती पिढीही हळूहळू काठावरून उठत आहे.

हे काम महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगे आहे. प्राणिशास्त्र विभागाने जातींची ओळख पटवावी, मराठी विभागाने गावोगावची माशांची, गळाची व आमिषांची नावे टिपावीत, भूगोल विभागाने डोहांची नोंद करावी. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला दूर जावे लागणार नाही. मात्र काठावर बसलेल्या वृद्ध मासेमाराजवळ त्याने वही घेऊन बसले पाहिजे, आणि ते याच दशकात झाले पाहिजे.